पॅनलचा कान: फेविक्विक-सोडा वेगळा, एबीएसचा लगदा वेगळा

फेअरिंगवाल्या, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणाच्या, दुचाकीच्या पॅनलचा कान तुटला की दोन सल्ले हमखास मिळतात. (कान म्हणजे पॅनलच्या आतल्या अंगाने निघालेली, बोल्ट घेणारी जीभ. गॅरेजात कुणी लॉक म्हणतं, कुणी लग.) एक सल्ला असा, की फेविक्विक टाका आणि वर खायचा सोडा भुरभुरा. दुसरा असा, की एसिटोन या द्रावकात एबीएसचे (हे एक प्लास्टिक, ब्रेकवालं एबीएस नव्हे) तुकडे विरघळवून तो लगदा लावा. मग तिसरा कुणीतरी येतो आणि म्हणतो, काहीही लावा हो, दोन्ही शेवटी चिकटवणंच. घोळ सुरू होतो तो इथे.

फेविक्विकबद्दल फार सांगायला नको. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने ते घट्ट होतं. सोडा अल्कधर्मी असल्यामुळे ते क्षणात दगड बनतं, थोडी वाफ निघते, बोट चटकन भाजतं. दगड खरंच होतो, कानशीने घासावा लागतो इतका. म्हणून तर लोक फसतात. कडक म्हणजे मजबूत, असा आपला समज असतो.

कानावर जोर कसा येतो ते एकदा नीट बघा. पॅनलपासून काटकोनात उभी असलेली २.५-३ मिलिमीटर जाडीची पट्टी, टोकाला भोक, भोकात बोल्ट. गाडी गतिरोधकावरून गेली की अख्खा पॅनल हलतो आणि तो कान मुळाशी वाकवतो. पुण्यात एका गल्लीत असे तीन-चार गतिरोधक सहज भेटतात. जोर ओढण्याचा नसतो, वाकवण्याचा आणि सोलण्याचा असतो. सरळ ओढलं तर फेविक्विक भरपूर धरतं. वाकवलं आणि हादरे दिले की ते कडेपासून उकलायला लागतं. सोड्याचा दगड तर वाकतच नाही. प्लास्टिक वाकतं, दगड वाकत नाही, मग जोड सुटतो. बऱ्याचदा तो अख्खा गोळा प्लास्टिकपासून अलगद निघून येतो आणि मागचं प्लास्टिक कोरं, चकचकीत राहतं. तो गोळा हातात घेऊन बघा, एका बाजूला तुमच्या पॅनलच्या तुटलेल्या कडेचा हुबेहूब ठसा दिसेल. ठसा उमटला म्हणजे दोन्हीच्या मध्ये सीमा होती, ती कधी पुसली गेलीच नाही.

लगद्यात ही सीमाच उरत नाही. एसिटोन एबीएसला विरघळवतं. लगदा लावला की त्यातलं एसिटोन पॅनलचा वरचा थर मऊ करतं, तुमचं एबीएस आणि लगद्यातलं एबीएस एकमेकांत मिसळतं आणि एसिटोन उडून गेलं की मागे एकच प्लास्टिक राहतं. यात चिकटवणारं असं काही उरतच नाही. हे वेल्डिंग आहे, फक्त आचेऐवजी द्रावकाने केलेलं. म्हणून जोड वाकतो तेव्हा बाकीच्या पॅनलसारखाच वाकतो.

यातूनच लगद्याची अट निघते: खालचं प्लास्टिक एबीएसच हवं. फेविक्विक निदान बऱ्याच ठिकाणी तात्पुरतं बसतं. लगदा पीपीवर, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनवर, अजिबात बसत नाही. पीपीवर एसिटोनचा काही परिणाम होत नाही, लगदा वर सुकतो आणि नखाने पापडासारखा उचलला जातो. 'लगदा करून बघितला, टिकला नाही' अशी जी तक्रार असते, तिच्यामागे बहुतेक वेळा पीपी असतं, नाहीतर घाई.

तेव्हा आधी पॅनल उलटा करा. आतल्या बाजूला बाणासारख्या दोन खुणांमध्ये एबीएस किंवा पीपी असं इंग्रजीत उठावदार छापलेलं असतं. रंगवलेले बाहेरचे पॅनल बहुधा एबीएसचे, आतली काळी झाकणं आणि मडगार्डचे भाग बरेचदा पीपीचे. खूण सापडली नाही तर कानकाडी एसिटोनमध्ये बुडवून आतल्या, बिनरंगाच्या जागी दहा सेकंद घासा. एबीएस असेल तर जागा ओल्या गुळासारखी चिकट होते आणि कापसाला प्लास्टिकचा रंग लागतो. पीपी जसंच्या तसं कोरडं. अजून खात्री हवी तर तुटका कपचा पाण्यात टाका: एबीएस बुडतं, पीपी तरंगतं. रंगाच्या बाजूला एसिटोन लावून बघण्याचं धाडस करू नका, रंग निघेल. विंडस्क्रीन आणि हेडलाइटच्या काचेवर थेंबही नको. ती काच नसते, पारदर्शक प्लास्टिक असतं आणि क्षणात पांढरं पडतं.

एसिटोन रसायनांच्या दुकानातून शुद्ध आणा. नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यात पाणी, तेल, सुगंध असतो आणि काहींत एसिटोन नसतंच. एबीएस त्याच गाडीच्या तुटक्या पॅनलचं सर्वात उत्तम. नाहीतर पुण्याच्या नाना पेठेत जुन्या पार्टवाल्यांकडे किंवा जुन्या बाजारात फुटका पॅनल मिळतो, फक्त मागची खूण वाचून घ्या. रंग खरवडून हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करा. एका कानाला ५-६ ग्रॅम तुकडे आणि १२-१५ मिलिलिटर एसिटोन पुरतं. काचेची बाटली, पत्र्याचं झाकण, रात्रभर ठेवायचं. थर्माकोलच्या कपात घातलं तर कपच विरघळेल. सकाळी मधासारखं झालं पाहिजे. पातळ वाटलं तर झाकण उघडं ठेवा, घट्ट वाटलं तर चार थेंब वाढवा. हे सगळं गॅलरीत, उघड्यावर. एसिटोन थंडीतही पेट घेतं आणि त्याची वाफ जड असल्याने जमिनीलगत पसरते. शेगडी आणि देवघरातली समई, दोन्ही लांब.

आधी कुणी फेविक्विक लावलं असेल तर ते पूर्ण खरवडून, घासून काढा, खालचं मूळ प्लास्टिक दिसेपर्यंत. त्यावरच लगदा चढवणं ही सर्वात सर्रास होणारी चूक आहे. एसिटोन फेविक्विकलाही मऊ करतं आणि मध्ये एक लिबलिबीत थर तयार होतो, जो ना इकडचा ना तिकडचा.

पुढे काम सरळ आहे. भेग पॅनलमध्ये पुढे गेली असेल तर तिच्या टोकाला २ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर ती चालत राहते. तुटलेल्या कडा दोन्ही बाजूंनी तिरक्या घासून इंग्रजी व्हीसारखी खाच करा. आजूबाजूचे दोन सेंटिमीटर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा. पॉलिशचं सिलिकॉन राहिलं तर सगळं वाया, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग पॅनल बाकीच्या सगळ्या बोल्टांवर गाडीला बसवा, कान त्याच्या जागी धरा आणि सोल्डरिंग आयर्नने दोन ठिकाणी टिपके मारून पक्का करा. टेबलावर अंदाजाने जोडलेला कान गाडीवर तीन मिलिमीटर चुकतो, मग बोल्ट ओढून बसवला जातो आणि कान पुन्हा तुटतो.

फक्त लगद्यावर विसंबू नका. मुळाशी स्टीलची बारीक जाळी घाला. बोहरी आळीत मिळते, जुन्या चहाच्या गाळणीचीही चालते. तापकीर गल्लीतलं साधं २५-४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न घेऊन जाळी दाबा. छिद्रांतून प्लास्टिक वर आलं की थांबायचं, अर्ध्या जाडीच्या पुढे गेलात तर बाहेर रंगावर फोड दिसेल. धूर निघाला म्हणजे प्लास्टिक जळतंय, टोक उचला. हे लगदा लावायच्या आधी करायचं आणि आयर्न गार झाल्याशिवाय एसिटोनची बाटली उघडायची नाही. मग जाळीवर लगदा, एका वेळी मिलिमीटरभर. दोन थरांत निदान चार तास जाऊ द्या. जाड थापलं तर वर साय धरते, आत एसिटोन अडकतं आणि बुडबुडे राहतात. रंगवलेल्या पॅनलमागे पातळ लगदा ओतू नका, एसिटोन मुरून बाहेरचा रंग सुरकुततो. कोपऱ्यात, जिथे कान पॅनलला भेटतो, तिथे बोटाने गोलाई द्या. धारदार कोपरा म्हणजे पुढच्या भेगेला आमंत्रण.

जुलै-ऑगस्टात एक वेगळीच गंमत होते. एसिटोन उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लगदा पांढरट, भुसभुशीत सुकतो. त्याच दिवसांत फेविक्विक मात्र उलट झटपट बसतं, म्हणून पावसाळ्यात त्याची कीर्ती वाढते. लगद्याला कोरडा दिवस बघा. आणि दुसऱ्या दिवशी नख रुतलं नाही म्हणून गाडी बाहेर काढू नका, पूर्ण तीन दिवस द्या. लगदा आकसतो, त्यामुळे थोडा जास्तच भरा आणि बोल्टचं भोक शेवटी पाडा: आधी २ मिलिमीटर, मग मोठं, ड्रिल सावकाश, नाहीतर एबीएस वितळून बिटाला गुंडाळतं.

पीपी निघालं तर लगदा बाजूला ठेवा. पीपीचीच कांडी आणि गरम हवेची गन, किंवा जाळी आणि आयर्न. एम-सील दोन्हींवर सारखंच निरुपयोगी, हादऱ्याने निघतं. फेविक्विकची खरी जागा म्हणजे कानाच्या भोकात बसणारं, फाटलेलं रबरी बुश. रबराला ते झकास धरतं.

ते बुश आणि त्यातली धातूची कॉलर (छोटी नळी) परत घातल्याशिवाय पॅनल लावायचा नाही. कॉलर असली की बोल्टचा दाब धातू घेतो, नसली की कान चिरडला जातो. मूळ कान तुटला तो बहुतेकदा यामुळेच: सर्व्हिसिंगमध्ये कॉलर हरवते आणि पोरगा बोल्ट पिळतो. आणि बोल्ट सैल होतो म्हणून थ्रेडलॉकर (बोल्टच्या आट्यांना लावायचा द्रव) लावाल तर थांबा. ते एबीएसवर ओघळलं की ताण असलेल्या जागी बारीक भेगा पाडतं, नव्या जोडाच्या अगदी शेजारी.