पाणीही उतरतं, चाकही उतरतं

जूनचा दुसरा आठवडा होता. पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका टेकडीवर आम्ही चौघं रेनकोट घालून उभे होतो. सायकली खालीच ठेवल्या होत्या, कारण त्या दिवशी चालवायचंच नव्हतं. आमच्या नेहमीच्या वाटेवरून पाणी कसं जातं, एवढंच बघायचं होतं.

पाऊस लागला आणि वीसेक मिनिटांत वरच्या सपाटीवरचं पाणी चाकोरीत शिरलं. आधी बोटभर धार, मग मनगटाएवढी. रंग दुधाळ चहाचा. मी उकिडवा बसून एकाच जागी नजर लावली. वाटाण्याएवढे खडे कडेकडेनं घरंगळत होते. खाली उतार जरा वाढतो, तिथं लिंबाएवढा एक दगड पाण्यात डुगडुगला, थांबला, पुन्हा डुगडुगला आणि निघून गेला. तो गेल्यावर मागची माती उघडी पडली आणि दोन मिनिटांत तीही गेली. तीन वर्षांपूर्वी सपाट असलेली ही वाट आता गुडघाभर खोल घळ झाली आहे. ती अशी एकेका दगडानं झाली.

'चाकोरी' हा शब्द आपण एरवी सवयीबद्दल वापरतो. मूळ अर्थ बैलगाडीच्या चाकानं पडलेली खोलगट रेघ. माउंटन बाइकचं चाकही तेच करतं. पण रेघेची घळ करतं ते पाणी.

टेकडीवरून खाली येणारी कुठलीही वस्तू उंचीची ऊर्जा घेऊन येते आणि खाली पोचेपर्यंत ती कुठं ना कुठं खर्च करते. पाणी असो की सायकलस्वार, वाटेचा नकाशा त्या खर्चाचाच नकाशा असतो. खर्च एका जागी झाला तर तिथं खड्डा पडतो. सगळीकडं थोडा थोडा झाला तर वाट वर्षानुवर्षं टिकते.

माउंटन बाइकिंग या खेळाचा जन्मही ऊर्जेच्या अशाच खर्चातून झाला. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतल्या फेअरफॅक्स गावाजवळ डोंगरातला एक कच्चा रस्ता आहे. १९७६ साली तिथल्या तरुणांनी जुन्या, जाडजूड टायरांच्या सायकली घेऊन तिथून खाली शर्यत लावली. सुमारे साडेतीन किलोमीटरमध्ये जवळपास ४०० मीटर उतार. त्या सायकलींना पॅडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या मधल्या हबमध्ये लागणारा ब्रेक असायचा. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागायचं. ग्रीस पुन्हा भरणं म्हणजे इंग्रजीत 'रिपॅक', आणि तेच त्या शर्यतीचं नाव पडलं.

ग्रीस का जळायचं, ते साध्या गुणाकारात कळतं. सायकल आणि माणूस मिळून ९० किलो धरा. ९० गुणिले ९.८ गुणिले ४०० म्हणजे साधारण ३५३ किलोज्यूल. एक लिटर पाणी माठातून काढून उकळेपर्यंत तापवायला जवळपास एवढीच ऊर्जा लागते. काही भाग हवा खाते, काही टायर खातात आणि बराचसा ब्रेकमध्ये जातो. मागचं चाक अडकून घसरलं, तर मात्र तो खर्च ब्रेकमध्ये न होता जमिनीवर होतो. वळणाच्या आधी जिथं सगळेच घाबरून ब्रेक दाबतात, तिथं माती खरवडली जाते आणि कपडे धुवायच्या फळीसारख्या लाटा उठतात.

पाण्याचा हिशोब याहून मोठा. आमची घळ साधारण १०० मीटर लांब, एक मीटर रुंद. तासाभरात २० मिलिमीटर पाऊस पडला, तर नुसत्या वाटेवरच दोन हजार लिटर पाणी पडतं. पायांनी आणि चाकांनी दाबून घट्ट झालेल्या मातीत त्यातलं फारसं मुरत नाही. शेजारच्या उतारावरून येणारं पाणी वेगळंच. आणि पाण्याचा वेग वाढला की त्याची ताकद नुसती त्या पटीत वाढत नाही. जलशास्त्रात एकोणिसाव्या शतकापासूनचा एक ढोबळ नियम आहे: प्रवाह जास्तीत जास्त केवढ्या वजनाचा दगड हलवू शकतो, ते वेगाच्या सहाव्या घातावर ठरतं. वेग दुप्पट, तर दगड ६४ पट जड. लिंबू डुगडुगत का होतं आणि दोन पावलं खाली जाताच पळालं का, याचं उत्तर त्यात आहे.

म्हणून वाट आखताना पहिलं काम वेग मोडायचं. सरळ उताराच्या रेषेत उतरणारी वाट म्हणजे पाण्याला आयतं पन्हाळं. वाट डोंगराला आडवी घ्यायची. ट्रेकर मंडळी 'आडवी मारायची' म्हणतात, तीच. जगभरचे वाट बांधणारे दोन अंगठेनियम पाळतात. वाटेचा सरासरी उतार १० टक्क्यांच्या आत, म्हणजे १० मीटर अंतराला एक मीटरपेक्षा कमी. आणि वाटेचा उतार डोंगराच्या त्या जागच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. डोंगर ३० टक्के असेल तर वाट १५ टक्क्यांपर्यंत चालते, थोड्या अंतरासाठी.

हा निम्म्याचा नियम मला फार उशिरा कळला. मी समजत होतो की खडा डोंगर अवघड आणि सपाटी सोपी. उलट आहे. डोंगराचा उतार ८ टक्के आणि वाटेचा ६ टक्के असला, की वाट जवळपास पाण्याच्याच दिशेनं जाते. बाहेरची कड शेजारच्या जमिनीपेक्षा उंच नसते. दोन पावसाळ्यांत वाट चार बोटं दबली की तीच कड बांध होऊन पाणी आत अडवते. आमची घळ नेमकी अशाच मऊ, निवांत दिसणाऱ्या उतारावर पडली आहे.

उतार मोजायला आमच्याकडे महागडं काही नव्हतं. आमच्यातली एक जण माण तालुक्यातली. गावी श्रमदानात सलग समतल चर आखलेली. तिनं तीन बांबू इंग्रजी 'A' च्या आकारात बांधले, वरच्या टोकाला सुतळी आणि सुतळीला दगड लावला. दोन पायांतलं अंतर दोन मीटर. सपाट जागी सुतळी आडव्या बांबूवर जिथं येते तिथं एक खूण. मग एका पायाखाली १२ सेंटिमीटरची चळत ठेवली आणि सुतळी सरकून आली तिथं दुसरी खूण. दोन मीटरला १२ सेंटिमीटर म्हणजे ६ टक्के. तो सांगाडा पावलापावलानं पुढं नेत सुतळी दुसऱ्या खुणेवर येईल तिथं चुन्याची चिमूट टाकायची. दिवसभरात दीडशे मीटर वाट आखून झाली.

मी मध्येच सवयीनं विचारलं, चरासारखी मातीची कड खालच्या बाजूला लावायची ना? ती म्हणाली, "नाही दादा. चरात पाणी थांबवायचं असतं, मुरवायचं असतं. इथं थांबलं की वाट गेली. आलं तसं पलीकडं जाऊ द्यायचं." हत्यारं तीच, सांगाडा तोच, डोंगरही तसाच, आणि हेतू बरोबर उलटा. मला हा फरक फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे डोंगरावर श्रमदान म्हटलं की हात आपोआप बांध घालायला जातात.

पाणी पलीकडं जावं म्हणून वाट बाहेरच्या बाजूला किंचित कलती ठेवतात. इथंही हिशोब सोपा आहे. वाटेचा स्वतःचा उतार ५ टक्के आणि बाहेरचा कल ५ टक्के असेल, तर पाणी तिरपं ४५ अंशांत जातं. मीटरभर रुंदी ओलांडताना ते वाटेवरून मीटरभरच चालतं. वाटेचा उतार १५ टक्के केला, की तेच पाणी तीन मीटर वाटेवरून धावतं आणि तेवढ्यात वेग पकडतं.

पण हा कल टिकत नाही. सगळी चाकं मधोमध जातात, मध्य दबतो आणि वाट ताटलीसारखी होते. म्हणून दर दहा-पंधरा मीटरवर वाट थोडी खाली नेऊन पुन्हा थोडी वर चढवायची. त्या खोलगट जागी पाण्याला पुढं जाताच येत नाही, बाहेर पडावंच लागतं. दोन हजार लिटरचे दोनशे-तीनशे लिटरचे वाटे पडतात आणि एकाही वाट्याला लिंबू हलवण्याएवढा वेग मिळत नाही. याऐवजी पूर्वी आम्ही वाटेत आडवे दगड रोवायचो. एका पावसात त्यांच्यामागं गाळ भरायचा, सायकली बाजूनं जायला लागायच्या आणि वाट दुप्पट रुंद व्हायची.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की पाणी बाहेर काढणारा हा लाटेसारखा आकार चाकालाही हवाच असतो. खोलगट भागात शिरताना हातपाय ताणून सायकल खाली दाबायची, उंचवट्यावर अंग सैल सोडायचं. झोक्यावर उभं राहून आपण जसा झोका चढवतो, अगदी तसंच. नीट जमलं तर पॅडल न मारता वेग टिकतो. वाट ज्यामुळं वाचते, त्यामुळंच ती चालवायला मजा येते.

वळणांचंही तसंच. सपाट वळणावर चाक बाहेर घसरू नये म्हणून सगळे ब्रेक मारतात आणि माती उकरतात. वळणाची बाहेरची बाजू उचलून भिंतीसारखी केली, त्याला आम्ही बर्म म्हणतो, तर जमीनच चाकाला आत वळवते. ताशी सुमारे २२ किलोमीटर वेग आणि पाच मीटर त्रिज्येचं वळण असेल, तर कल साधारण ३७ अंश हवा. एवढ्या कलावर बाजूच्या पकडीची गरजच उरत नाही. आमचा पहिला बर्म आम्ही नुसती सैल माती ढीग करून बांधला. पहिल्या वळवानं तो पार विस्कटला.

माती दाबायची वेळ आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती. राल्फ प्रॉक्टर या अमेरिकन अभियंत्यानं १९३३ साली मातीच्या धरणांसाठी हे शास्त्र मांडलं. कोरड्या मातीचे कण एकमेकांना अडतात, दाबले तरी जवळ येत नाहीत. थोडं पाणी घातलं की ते सरकतात आणि घट्ट बसतात. पाणी जास्त झालं की पोकळ्यांत पाणीच भरतं, आणि ते काही दबत नाही. म्हणजे प्रत्येक मातीला एक नेमका ओलावा असतो, ज्यात ती सर्वांत घट्ट बसते. आम्ही तो हातानं ओळखतो: मूठभर माती घेऊन लाडू वळायचा. वळलाच नाही तर कोरडी. बोटांना चिकटला तर ओली. वळला आणि अंगठ्यानं दाबताच दोन-तीन तुकडे झाले तर घ्या कुदळ. पुण्याच्या आसपास हा लाडू बहुधा ऑक्टोबरात जमतो. पाऊस ओसरलेला असतो, मुरूम अजून दगड झालेला नसतो. धुम्मसानं ठोकलेली तेव्हाची माती पुढच्या जूनपर्यंत बसून राहते.

आता चाकाच्या दोषाबद्दल. मोंटानातल्या डोंगरवाटांवर विल्सन आणि सेनी या दोघांनी माणसं, घोडे, मोटारसायकली आणि सायकली यांची तुलना केली. त्यांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. भिजवलेल्या वाटेवर घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली. सायकलवाले हा निष्कर्ष हौसेनं सांगतात आणि मीही सांगतो. पण तो तिथल्या वाटांचा, तिथल्या मातीचा आहे. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. ती ओली असताना एक सायकल गेली, तरी लांबलचक सलग चाकोरी उमटते. पाऊल तुटक ठसा सोडतं, चाक पन्हाळं सोडतं. मुरमाच्या आणि कातळाच्या वाटेवर पावसाळ्यात खुशाल जावं. चिकणमातीच्या वाटा पाऊस थांबून सुकेपर्यंत सोडून द्याव्यात. भर जुलैत हे पाळणं जिवावर येतं, मला माहीत आहे. तरी पाळावं.

आणि कुदळ मारण्याआधी परवानगी. राखीव वनात जमीन खोदणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. आम्हाला नवी वाट काढायची परवानगी नाही, मोडलेली नीट करायची आहे, आणि मला ते योग्यच वाटतं. माथ्यावरच्या सपाटीवर कित्येक जागी कातळावर बोटभरच माती असते. टिटवी उघड्या खड्यांतच अंडी घालते, ती पायाखाली येईपर्यंत दिसतसुद्धा नाहीत. नव्या आखणीत आम्ही माथा पूर्ण सोडला.

यंदा पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा चौघं वर गेलो. नीट केलेल्या वाटेवर दहा खोलगट जागा आहेत. आठ जागी पाणी बाहेर पडलं होतं. तिथं खालच्या गवतावर बारीक गाळाचा पंखा पसरलेला, त्यावर काडीकचरा, वाट स्वच्छ. नववीत गाळ तुंबून डबकं झालं होतं, कारण बाहेरचं तोंड आम्ही अरुंद ठेवलं होतं. दहावीत पाणी उंचवट्यावरून उडी मारून पुढं गेलं होतं आणि पुढच्या चार मीटरांत करंगळीएवढी ओघळ पडली होती. तिथला उंचवटा हातभर तरी वाढवायला हवा. दोन्ही जागी खुणेचे दगड रचून ठेवले आहेत. माती आता फार ओली आहे, लाडू बोटांना चिकटतो.