'फ्री' या विशेषणाची पार्श्वभूमी : मोफत, मुक्त आणि १९९८ चा निर्णय

सुटलेला कैदी, रिकामी खुर्ची, मोकळा वेळ आणि फुकट मिळालेली वस्तू, या सगळ्यांना इंग्रजीत 'फ्री' हे एकच विशेषण चालते. दुसऱ्या शब्दामागे जोडले की 'शुगर-फ्री', 'ड्यूटी-फ्री'सारखा अभाव दाखवते. रोजच्या बोलण्यात यातून घोळ होत नाही, कारण संदर्भ सांभाळून घेतो. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात मात्र संदर्भ पुरा पडला नाही.

शब्दाचे मूळ 'प्रेम करणे' या अर्थाच्या प्राचीन धातूत आहे. संस्कृतमधला 'प्रिय' आणि इंग्रजीतला 'फ्रेंड' याच कुळातले. घरातली प्रिय माणसे म्हणजे जी गुलाम नाहीत ती, अशा वाटेने 'स्वतंत्र' हा अर्थ आला असे मानतात. 'मोफत' हा अर्थ त्या मानाने अलीकडचा, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला.

संगणक आला तेव्हा प्रोग्राम यंत्रासोबतच मिळत. १९६९ मध्ये त्या काळच्या सर्वांत मोठ्या संगणक कंपनीने सॉफ्टवेअरचे दर वेगळे लावण्याचे जाहीर केले. पुढच्या दशकात मूळ कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या सूचना, झाकून ठेवणे हा धंद्याचा भाग झाला. याविरोधात सप्टेंबर १९८३ मध्ये एका अमेरिकन प्रोग्रामरने संपूर्ण 'फ्री' कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) लिहिण्याची घोषणा केली. पुढे व्याख्या ठरत गेली: प्रोग्राम चालवण्याचे, अभ्यासून बदलण्याचे, प्रती वाटण्याचे आणि बदललेली आवृत्ती वाटण्याचे स्वातंत्र्य. किमतीचा यात उल्लेखच नाही. त्याच प्रोग्रामरने आपल्या 'फ्री' एडिटरची (मजकूर लिहिण्या-बदलण्याच्या प्रोग्रामची) टेप १५० डॉलरला विकली, आणि त्यात विसंगती काहीच नव्हती. विकत घेणाऱ्याला कोड मिळत होता आणि पुढे वाटायची मुभाही. याउलट 'फ्रीवेअर' म्हणून जे फिरत होते, त्याला पैसे पडत नसत, पण कोड सहसा कुलूपबंदच असे.

हा फरक दरवेळी समजावून सांगावा लागे. अशा सॉफ्टवेअरच्या वापराच्या अटी सांगणाऱ्या, त्याच प्रोग्रामरच्या १९९१ च्या परवान्याच्या प्रस्तावनेतही, आम्ही स्वातंत्र्याबद्दल बोलतो आहोत, किमतीबद्दल नाही, असा खुलासा घालावा लागला.

मग आला वादाचा निर्णय. जानेवारी १९९८ मध्ये एका ब्राउझर कंपनीने आपला कोड खुला करण्याचे जाहीर केले. ३ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियात पालो अल्टो येथे काही जण जमले आणि 'ओपन सोर्स' हे नवे नाव पुढे आले. 'फ्री' म्हटले की उद्योजकांना फुकटचे, म्हणून भरवशाचे नाही, असे वाटते. शिवाय स्वातंत्र्याची भाषा त्यांना बिचकवते, असे जमलेल्यांचे म्हणणे होते. मूळ घोषणा करणारा प्रोग्रामर त्या बैठकीत नव्हता. नाव झपाट्याने रुजले, कंपन्या आल्या, पैसा आला. पण घोळ एका शब्दाचा होता आणि त्याच्याबरोबर भूमिकाच बाजूला ठेवली गेली. वापरणाऱ्याचा हक्क हा मुद्दा मागे पडून चांगले, स्वस्त सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत हा मुद्दा पुढे आला. ही किंमत जास्त होती, असे मला वाटते. 'मुक्त' आणि 'मोफत' असे दोन शब्द हाताशी असलेल्या मराठी वाचकाला तर हे विशेष जाणवावे. इंग्रजीतही शब्द उसना घेण्याचा मार्ग होताच; पुढे 'मुक्त' या अर्थाचा 'लिब्रे' घेतला गेला आणि २०१० मध्ये एका ऑफिस-संचाच्या नावातच तो बसला.

नवे नावही निसरडेच निघाले. त्यावर ट्रेडमार्क मिळवण्याचा प्रयत्न शब्द फारच वर्णनात्मक असल्याने १९९९ मध्ये सोडून द्यावा लागला. साहजिकच, कोड नुसता बघू देणारे पण वापरावर बंधने घालणारे परवानेही 'ओपन' म्हणवून घेऊ लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी 'ओपन सोर्स'ची वेगळी व्याख्या जाहीर झाली. तिच्यात प्रशिक्षणाचा विदा (डेटा) प्रत्यक्ष देण्याची सक्ती नाही, त्याची पुरेशी तपशीलवार माहिती दिली तरी भागते. विदाच नसेल तर मॉडेल अभ्यासून बदलायचे कसे, हा आक्षेप त्यावर लगेच घेतला गेला.