डेंटल सेफगार्डिंग

डेंटल सेफगार्डिंग म्हणजे दाताच्या दवाखान्यात येणारी लहान मुलं, आणि आजारपण, अपंगत्व किंवा वय झाल्यामुळे दुसऱ्यावर अवलंबून असलेली मोठी माणसं, यांना कुठे मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड किंवा पैशाची लुबाडणूक होतेय का याकडे क्लिनिकमधल्या सगळ्यांनी लक्ष ठेवणं आणि संशय आला तर योग्य ठिकाणी कळवणं. सगळ्यांनी म्हणजे डॉक्टर, नर्स, रिसेप्शनिस्ट, सगळेच. या कामाची घडी इंग्लंडमध्ये चांगली बसलीय म्हणून इथली बरीचशी माहिती तिथलीच आहे, भारतातल्या कायद्याचं शेवटी येईल.

पहिला प्रश्न हाच पडतो की दाताच्या डॉक्टरचा यात काय संबंध. तर शारीरिक मारहाण झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना डोकं, चेहरा किंवा मानेवर जखमा असतात, आणि हा भाग भरपूर उजेडात, अगदी हातभर अंतरावरून बघणारा माणूस म्हणजे डेंटिस्ट. शिवाय ताप आला की जायचं ते डॉक्टर वेगळे, इथे तब्येत बरी असलेलं मूलही दर काही महिन्यांनी चेकअपला येतं, त्यामुळे मागच्या वेळी कसं होतं आणि आता कसं दिसतंय हा फरक कळतो.

खेळताना पडलेल्या मुलाला बहुतेक वेळा हाडाच्या उंचवट्यावर लागतं, कपाळ, नाक, हनुवटी, गुडघे. कान, कानामागची जागा, गालाचा मऊ भाग, मान इथे वळ किंवा काळेनिळे डाग असतील तर थांबून विचारायला हवं. बोटांचे ठसे, चावल्याची खूण, भाजल्याचा गोल डाग, अजून चालायलाही न लागलेल्या बाळाच्या तोंडातली जखम हेही तसंच. पण एका खुणेवरून निकाल देऊ नये, हे मी मुद्दाम सांगतोय. वरचा ओठ आणि हिरडी जोडणारा पातळ पडदा फाटला की मारलंच असणार असं पूर्वी समजायचे, पण तो साध्या पडण्यानेही फाटतो, आणि डागाच्या रंगावरून मार किती दिवसांपूर्वीचा हेही खात्रीने सांगता येत नाही. बघायचं ते हे की जखम आणि सांगितलेली हकीकत जुळतेय का, दर वेळी हकीकत बदलतेय का, आणि इतकं लागल्यावर दवाखान्यात यायला एवढे दिवस का लागले.

इंग्लंडमध्ये या विषयाला जोर आला तो व्हिक्टोरिया क्लिंबी या 8 वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर. ती फेब्रुवारी 2000 मध्ये लंडनमध्ये नातेवाईकांच्या छळाने गेली, आणि त्याआधी समाजसेवा खातं, पोलीस, हॉस्पिटल सगळ्यांच्या नजरेखालून गेली होती, प्रत्येकाकडे थोडी थोडी माहिती होती पण ती एकत्र झालीच नाही. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीचा अहवाल 2003 ला आला, त्यातून 2004 चा चिल्ड्रन अॅक्ट झाला, आणि 2006 मध्ये खास डेंटल टीमसाठी मार्गदर्शिका निघाली.

डेंटिस्टसमोर सगळ्यात जास्त येते ती दातांची हेळसांड. ब्रिटिश सोसायटी ऑफ पिडियाट्रिक डेंटिस्ट्री या मुलांच्या दंतवैद्यांच्या संघटनेने 2009 मध्ये तिची व्याख्या केली, तिचा अर्थ असा की मुलाच्या तोंडाच्या साध्या गरजा सतत पूर्ण न करणं, इतकं की त्याच्या तोंडाच्या किंवा एकूण तब्येतीला, वाढीला गंभीर नुकसान होण्याची शक्यता असावी. यातला ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा. दात किडले म्हणजे आईबाप वाईट असं अजिबात नाही. इंग्लंडमध्ये 5 ते 9 वयाच्या मुलांना हॉस्पिटलात दाखल करायचं सगळ्यात मोठं कारण दातांची कीडच आहे, सगळ्यांच्या घरी काही छळ चालू नसतो. एनएचएस म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत 18 वर्षांखालच्यांचे दाताचे उपचार फुकट असले तरी अपॉइंटमेंट मिळणं अवघड झालंय, हेही धरायला लागतं. पण दुखणं समजावून सांगितलं, उपचार हाताशी आहेत, मदतही देऊ केली, आणि तरी मूल गळू, पू, सुजलेला गाल घेऊन रात्र रात्र जागतंय आणि कोणी घेऊन येत नाही, तर ती हेळसांड.

इथेच तिकडच्या डेंटिस्टनी एक फार चांगला बदल केला. अपॉइंटमेंट चुकली की रेकॉर्डमध्ये पेशंट ‘आला नाही’ लिहायचे, आता मुलांच्या बाबतीत ‘आणलं नाही’ असं लिहायला सांगतात. 4 वर्षांचं मूल स्वतः बस पकडून थोडंच येणार आहे. आपल्याकडे तर ‘आलं’ आणि ‘आणलं’ यांत एका णचाच फरक, पण ‘आणलं नाही’ लिहिलं की लिहिणाऱ्यालाच पुढचा फोन करावासा वाटतो.

संशय आला की डेंटिस्टने तपास करायचा नसतो, ते काम समाजसेवा खात्याचं आणि पोलिसांचं. आपण मुलाला खोदून खोदून विचारायचं नाही, शब्द तोंडात घालायचे नाहीत, मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारीख वेळ टाकून लिहायचं, जखमेचं चित्र काढून ठेवायचं. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच द्यायचं नाही. क्लिनिकमध्ये सेफगार्डिंगची जबाबदारी असलेला एक जण नेमलेला असतो, त्याच्याशी बोलायचं, मग स्थानिक मुलांच्या समाजसेवा खात्याला फोन आणि पाठोपाठ लेखी. पालकांना आधी सांगावं हा नियम, पण सांगितल्याने मुलाचा धोका वाढणार असेल तर नाही. डेंटिस्टची नोंदणी करणाऱ्या जनरल डेंटल कौन्सिलच्या नियमांतही हे कर्तव्य म्हणूनच आहे, आणि दवाखाने, केअर होम तपासणारं केअर क्वालिटी कमिशन तपासणीला आलं की स्टाफचं ट्रेनिंग बघतं.

मोठ्यांचं जरा वेगळं, कारण त्यांचं मत चालतं. 2005 च्या मेंटल कपॅसिटी अॅक्टप्रमाणे मोठ्या माणसाला स्वतःचा निर्णय घेता येतो असंच धरून चालायचं, निर्णय आपल्याला चुकीचा वाटला म्हणून त्याची समज गेली असं ठरत नाही. 2014 च्या केअर अॅक्टने ‘दुबळा’ म्हणण्याऐवजी ‘धोक्यात असलेला’ असा विचार पुढे आणला. केअर होममधल्या, म्हणजे सांभाळ करणाऱ्या निवासातल्या, आजींची कवळी हरवलीय आणि महिनोन्महिने नुसती पेज चाललीय, तोंडात फोड आलेत, सोबत आलेला माणूस त्यांना बोलूच देत नाही, अशा गोष्टी पकडायच्या. केअर क्वालिटी कमिशनच्या 2019 च्या अहवालात पाहिलेल्या केअर होमपैकी 52 टक्क्यांकडे तोंडाच्या आरोग्याचं धोरणच नव्हतं.

आता आपल्याकडे. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे, कलम 19 प्रमाणे 18 वर्षांखालच्या कोणावर लैंगिक अत्याचार झालाय किंवा होणार अशी भीती आहे असं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक, डेंटिस्ट त्यात आलाच. न कळवल्यास कलम 21 प्रमाणे 6 महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा एफआयआर नागपूर खंडपीठाने रद्द केला होता, तो नोव्हेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने परत उभा केला. मारहाण, उपासमार, हेळसांड यासाठी 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 75 आहे, आणि 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन, जी 1996 मध्ये मुंबईतच टाटा समाजविज्ञान संस्थेच्या कामातून सुरू झाली. ज्येष्ठांसाठी 14567. अपंग व्यक्तीचा छळ होत असेल तर 2016 च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम 7 प्रमाणे कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं, नातेवाईकच असायला हवं असं नाही, म्हणजे खुर्चीशेजारी उभी असलेली असिस्टंटसुद्धा.