मुखवट्याआधीचे गोली

पुण्यात हॉकी म्हटलं की खडकी आठवते, धनराज पिल्ले आठवतो. बर्फाशी आपला संबंध नाही. तरी आमच्या सोसायटीतली स्केट्सवर हॉकी खेळणारी दोन मुलं सकाळी बसची वाट बघता बघता मोबाईलवर एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचे, सामने पाहतात. गोली, म्हणजे गोलरक्षक, त्यांना लगेच ओळखू येतो तो रंगवलेल्या मुखवट्यामुळे. हा मुखवटा किती उशिरा आला, हे त्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

आइस हॉकीत चेंडूच्या जागी असतो पक, म्हणजे 1 इंच जाड, 3 इंच व्यासाची रबरी चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवतात, त्यामुळे लागते ती दगडासारखी. टेरी सॉचक या गोलीच्या चेहऱ्यावर कारकिर्दीत सुमारे 400 टाके पडले. मग मुखवटा का नको होता? लोक म्हणतात मर्दानगी. मला त्याहून मोठं कारण पोटाचं वाटतं. 1942 ते 1967 या काळात एनएचएलमध्ये संघ होते फक्त सहा, आणि प्रत्येकाचा नेहमीचा गोली एकच. म्हणजे साऱ्या जगात या कामाच्या मोक्याच्या जागा सहा! एक रात्र बाहेर बसलात की दुसरा आत शिरलाच. गोली ग्लेन हॉल मुखवट्याशिवाय सलग 502 सामने खेळला. सामन्याआधी त्याला उलटी व्हायची, तरी तो उभा राहायचा.

1 नोव्हेंबर 1959. न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका मॉन्ट्रियलचा गोली जाक प्लांट याच्या तोंडावर बसला. नाकापासून ओठापर्यंत चिरलं. टाके घालून झाल्यावर त्याने सांगून टाकलं, मुखवटा असेल तरच खेळेन. सरावात तो फायबरग्लासचा मुखवटा घालतच असे, पण प्रशिक्षक टो ब्लेक सामन्यात घालू देत नव्हते. नजर आखडते, गोली बिनधास्त होतो, असं त्यांचं मत. त्या काळी राखीव गोली सोबत आणायची पद्धतच नव्हती. ब्लेकना मान डोलवावी लागली. मॉन्ट्रियल 3-1 जिंकलं आणि त्यांची न हरण्याची मालिका पुढे 18 सामन्यांपर्यंत गेली. पुढच्या मार्चमध्ये ब्लेकच्या आग्रहाखातर प्लांट एकदा उघड्या तोंडाने उतरला. संघ 3-0 हरला. त्यानंतर मुखवट्यावर चर्चा उरली नाही.

मी स्वतः खडकीला मैदानी हॉकीत गोलरक्षक होतो. हेल्मेटच्या जाळीतून घाम डोळ्यांत उतरायचा, आतला फोम आठवडाभर वाळायचा नाही, पण पेनल्टी कॉर्नरला ती जाळी तोंडासमोर आहे याचा केवढा आधार! मराठा लाईट इन्फन्ट्रीचे शंकर लक्ष्मण प्लांटच्याच काळात भारतासाठी उघड्या चेहऱ्याने गोल राखत होते. 1964 च्या टोकियोत अंतिम सामन्यात पाकिस्तानला त्यांनी एकही गोल करू दिला नाही. त्यांची आठवण निघाली की मला माझं हेल्मेट आठवतं.

इकडे एनएचएलमध्ये 1965-66 च्या मोसमापासून दोन गोली तयार ठेवणं सक्तीचं झालं, 1967 मध्ये संघ सहाचे बारा झाले, जागा वाढल्या, आणि मुखवटाही भराभर पसरला. एनएचएलमध्ये उघड्या तोंडाने खेळलेला शेवटचा गोली अँडी ब्राऊन, 1974 मध्ये. त्याच वर्षी, पंचेचाळिशीतला प्लांट दुसऱ्या एका लीगमध्ये एडमंटनकडून गोलासमोर उभा होता.