ऑप्टिक्स कंपन्यांचे शेअर घेण्याआधी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक, फोंडा (गोवा)

सप्रेम नमस्कार.

एआयच्या डेटा सेंटरना भरपूर फायबर, म्हणजे प्रकाशातून माहिती वाहून नेणारे काचेचे तंतू, लागणार, तेव्हा ऑप्टिक्समधली कुठली कंपनी घ्यावी, अशी विचारणा सध्या आमच्याकडे वारंवार होते. मागणी वाढते आहे, हे खरेच. पण कंपनीचा माल खपला म्हणून भागधारकाच्या पदरात पैसे पडतातच असे नाही. गुंतवणूक करण्याआधी ही गोष्ट नीट समजून घ्यावी, म्हणून हे पत्रक.

ऑप्टिक्स हा एकच धंदा नाही. लेन्सकार्ट चष्मे विकते. तिथे दुकानांचे भाडे, पगार आणि जाहिरात यांचा हिशेब पाहावा लागतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिचा शेअर ४०२ रुपयांना विकला गेला आणि पहिल्या दिवशी त्याहून खाली उघडला. नवी मुंबईची पारस डिफेन्स संरक्षण आणि अवकाश क्षेत्रासाठी ऑप्टिक्स बनवते. तिथे गिऱ्हाईक मुख्यतः सरकारी, त्यामुळे एखादी ऑर्डर लांबली की तिमाहीचे आकडे लगेच खाली येतात. झाइसचा शेअर मागायलाही काही जण येतात. मूळ झाइस कंपनी एका प्रतिष्ठानाच्या मालकीची आहे, ती बाजारात नाही. जर्मनीत नोंदलेली आहे ती वैद्यकीय उपकरणांची झाइस मेडिटेक.

फायबरबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण तो धंदा आपल्या दाराशी आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एचएफसीएल आणि फिनोलेक्स केबल्स या दोघांचेही कारखाने आहेत.

फायबरची सुरुवात प्रीफॉर्म नावाच्या जाड काचेच्या कांडीपासून होते. ती उंच मनोऱ्याच्या माथ्यावर सुमारे २,००० अंश सेल्सिअसला तापवतात आणि तिच्यातून १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा तंतू ओढतात. वर लेप चढला की तो २५० मायक्रॉनचा होतो. केबलच्या कारखान्यात हे तंतू निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी अशा ठरलेल्या क्रमाने रंगवतात, बारीक नळ्यांत घालतात, त्या नळ्या मधल्या कांबीभोवती पिळतात आणि वरून काळे आवरण चढवतात. यात सर्वांत अवघड काम प्रीफॉर्मचे. छत्रपती संभाजीनगरला काचेचा कारखाना असलेली एसटीएल (स्टरलाइट टेक्नॉलॉजीज) काचेपासून केबलपर्यंत सगळे स्वतः करते. बऱ्याच कंपन्या प्रीफॉर्म किंवा तयार तंतू विकत घेतात. निविदेत दर बांधून दिलेला असताना तंतू महागला, तर अशा कंपनीचा नफा तिथेच आटतो. उलटेही होते: २०१९ मध्ये चीनमधल्या मोठ्या निविदांत फायबरचे दर जवळजवळ निम्म्यावर आले आणि त्याची झळ इतर देशांतल्या उत्पादकांनाही लागली. २०२३ मध्ये भारताने चीन, कोरिया आणि इंडोनेशियाहून येणाऱ्या फायबरवर अँटी-डम्पिंग शुल्क (अवाजवी स्वस्तात येणाऱ्या आयात मालावरचा कर) लावले, ते याच पार्श्वभूमीवर.

ऑर्डर बुकचा, म्हणजे हाती असलेल्या पण अजून पुऱ्या न केलेल्या ऑर्डरींचा, मोठा आकडा बातमीत येतो, शेअर उसळतो. त्या दिवशी घाई करू नका. गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या भारतनेटसारख्या सरकारी कामात माल आधी जातो, पैसे मागाहून येतात. वार्षिक अहवालाच्या ताळेबंदात ट्रेड रिसीव्हेबल्स (गिऱ्हाइकांकडून येणे) ही ओळ शोधा. समजा वर्षाची विक्री ३६५ कोटी आणि येणे १५० कोटी, तर सरासरी १५० दिवसांची विक्री उधारीत अडकली आहे. मधल्या काळात कामगारांचे पगार आणि काचेचे पैसे कर्ज काढून भागवावे लागतात, आणि व्याज भागधारकाच्या वाट्यातून जाते. कामकाजातून प्रत्यक्ष आलेली रोकड सलग तीन-चार वर्षे नफ्याच्या आसपास असेल, तर ती कंपनी आम्हाला बरी वाटते. हा तपास ऑर्डरच्या बातमीपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

भाव किती ताणले जाऊ शकतात, याचेही उदाहरण आहे. ज्यातून जाताना प्रकाश फारसा क्षीण होत नाही असा फायबर १९७० मध्ये ज्या कॉर्निंगने शोधला, तिचा शेअर २००० साली शंभर डॉलरच्या वर होता आणि २००२ मध्ये दोन डॉलरच्याही खाली आला. इंटरनेट त्या काळातही वाढतच होते. पण गरजेपेक्षा कितीतरी जास्त फायबर आधीच जमिनीत पुरून झाला होता.

आता एक कळकळीचे सांगणे. घरातले कोणी वेर्ण्याला अशा कंपनीत कामाला असेल, तर त्याच कंपनीत घरची बचत घालू नका. मंदी आली तर पगार आणि पुंजी दोन्ही एकदम अडचणीत येतात. शिवाय कारखान्यातली अप्रकाशित माहिती वापरून शेअर घेणे किंवा विकणे सेबीच्या २०१५च्या नियमांनुसार गुन्हा आहे. ती माहिती भावोजींनी जेवताना सहज सांगितली असली तरी. बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी खरेदीआधी आपला अनिवासी दर्जा तपासून घ्यावा, कारण खाते कोणते वापरायचे ते त्यावर ठरते.

कॉर्निंग, जपानची होया, पॅरिसमध्ये नोंदलेली एसिलॉरलक्सोटिका यांसारख्या परदेशी कंपन्या घ्यायच्या असतील, तर निवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे पाठवता येतात. त्यात परकीय चलनाच्या दराची जोखीम वेगळी.

सगळी शेअर गुंतवणूक शंभर धरली, तर या एका क्षेत्रात पाच-सातहून अधिक ठेवू नये, असे आमचे मत आहे. चतुर्थीच्या खर्चाचे किंवा मुलांच्या फीचे पैसे तर यात मुळीच घालू नका.

या पत्रकात आलेली नावे धंदा समजावा म्हणून दिली आहेत; ती खरेदीची शिफारस नव्हे. ज्या कंपनीचा विचार करत असाल, तिचा मागच्या तीन वर्षांचा वार्षिक अहवाल घेऊन कार्यालयात या. छापील प्रत नसली तरी चालेल, आम्ही काढून देऊ. येणे आणि रोकड यांच्या ओळी सोबत बसून वाचू. त्याचे शुल्क नाही.