ओएनजीसी की कोयली रिफायनरी? बडोद्यातल्या तेलाच्या दोन नोकऱ्या

बडोद्यातल्या मराठी घरांत, दांडिया बाजारात असो की मांजलपूरला, ‘मुलगा तेल कंपनीत ऑफिसर आहे’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. विचारायला हवं. मकरपुऱ्याच्या ओएनजीसीतला अधिकारी आणि कोयलीच्या रिफायनरीतला अधिकारी एकाच गावात राहतात, दोघेही केंद्र सरकारच्या कंपनीत असतात, पण त्यांची तीस-पस्तीस वर्षं अगदी निराळ्या वाटेने जातात.

ओएनजीसी जमिनीखालचं तेल आणि वायू शोधते आणि वर काढते. तिची स्थापना १९५६ची. गुजरातेत अंकलेश्वरला १९६०मध्ये तेल लागलं. ते शुद्ध करायला कोयलीत सोव्हिएत मदतीने रिफायनरी उभी राहिली आणि १९६५मध्ये सुरू झाली. ती इंडियन ऑइलची. सुरुवातीची वर्षाला २० लाख टनांची क्षमता वाढत १३७ लाख टनांवर गेली. आता नुसतं गुजरातचं तेल तिला पुरत नाही, गुजरातच्या किनाऱ्यावर सलायाला जहाजाने उतरलेलं परदेशी तेलही पाइपलाइनने येतं.

ओएनजीसीतला तरुण भूवैज्ञानिक पहिली वर्षं बहुधा रिगवर, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्रावर, काढतो. विहीर खोदताना वर येणाऱ्या चिखलातून दगडाचे बारीक तुकडे चाळून घेतात. तो ते धुतो, सूक्ष्मदर्शकाखाली धरतो, मग अंधाऱ्या पेटीत अतिनील दिव्याखाली ठेवतो. तेलाचा अंश असेल तर तुकडा पिवळसर सोनेरी चमकतो. तरीही चमक दिसली म्हणजे विहीर लागली असं नाही. तेल दगडातून वाहायला हवं, साठा खर्च भरून निघण्याइतका हवा. एकेका विहिरीवर कोट्यवधी रुपये जातात आणि ती कोरडी निघू शकते. वरच्या हुद्द्यावर गेलं तरी हेच चालू राहतं, फक्त पणाला लागलेली रक्कम मोठी होते. ज्याला नक्की उत्तर मिळाल्याशिवाय झोप येत नाही, त्याने इथे येण्याआधी नीट विचार करावा.

बदल्याही दूरच्या: आसाम, त्रिपुरा, राजमहेंद्री. मुंबई हायला, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्रात, पोस्टिंग असेल तर चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस सुटी. त्यामुळे कितीतरी जण घर बडोद्यातच ठेवतात, गाडीने मुंबई गाठतात आणि जुहूहून हेलिकॉप्टरने प्लॅटफॉर्मवर जातात. घरी असले की पंधरवडाभर पूर्ण घरी. नसले की मुलाचा ताप, आईचं ऑपरेशन, गणपतीची प्रतिष्ठापना सगळं बायकोवर. नवरा-बायको दोघांची तयारी असेल तर ही पद्धत छान जमते, पण ते लग्नाआधी बोलायला हवं.

रिफायनरीत अनिश्चितता नको असते. तिथला इंजिनियर पाळीने काम करतो, कंट्रोल रूममध्ये पॅनलसमोर किंवा बाहेर युनिटवर. कच्चं तेल भट्टीत साडेतीनशे अंशांच्या पुढे तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. वरून नॅफ्था हा हलका भाग, मधून रॉकेल आणि डिझेल, तळाशी जड अवशेष. रात्री तीनला भट्टीचं तापमान चढू लागलं, एखादा पंप ट्रिप होऊन बंद पडला, तर वरिष्ठांची वाट न पाहता मिनिटभरात निर्णय घ्यावा लागतो. काही वर्षांनी शटडाउन येतो, म्हणजे देखभालीसाठी युनिट बंद ठेवतात. ते आठवडे घरच्यांनी या माणसाला हिशेबात धरूच नये. एरवी आयुष्य स्थिर: टाउनशिप, शेजार, मुलांची शाळा. बदली झाली तर मथुरा, पानिपत, हल्दिया, पारादीप. लोक याला ‘आरामाची नोकरी’ म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. वर्षानुवर्षं काहीही बिघडू न देणं हे जबर काम आहे.

इंडियन ऑइलमध्येच मार्केटिंगचा अधिकारी मात्र पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सी सांभाळत जिल्हा-जिल्हा फिरतो. त्याचा रिफायनरीशी रोजचा संबंध नसतो.

सयाजीराव विद्यापीठाच्या मुलांना निवड बरेचदा विषयच करून देतो. भूगर्भशास्त्र किंवा भूभौतिकी असेल तर ओएनजीसी. केमिकलवाल्याला दोन्ही दारं उघडी, पण खरा वाव रिफायनरीत. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलवाल्यांनी स्वभाव पाहावा. गेल्या काही वर्षांच्या जाहिरातींत ओएनजीसीची सुरुवातीची श्रेणी ६०,००० ते १,८०,००० आणि इंडियन ऑइलची ५०,००० ते १,६०,००० दिसते, पण ही झाली महिन्याच्या मूळ पगाराची, रुपयांत. भत्ते पोस्टिंगप्रमाणे बदलतात, तेव्हा नुसत्या या आकड्यावर ठरवू नये.

एका कंपनीतून दुसरीत जाता येतं का, असं पालक विचारतात. अगदी वर जाता येतं. सुबीर राहा इंडियन ऑइलमध्ये घडले आणि २००१मध्ये ओएनजीसीचे अध्यक्ष झाले. अरुण कुमार सिंह भारत पेट्रोलियमचं अध्यक्षपद सांभाळून २०२२मध्ये ओएनजीसीच्या अध्यक्षपदी आले. मधल्या हुद्द्यावर मात्र असं सहज घडत नाही: दहा वर्षं रिगवर काढलेल्याला रिफायनरीचं पॅनल कुणी देत नाही, आणि पॅनलवाल्याला विहीर. म्हणून फॉर्म भरण्याआधी दोन्हीकडचा एकेक अधिकारी गाठा. बडोद्यात तो दोन गल्ल्या सोडून सापडतो. त्याला पगार नका विचारू. गेली दिवाळी कुठे होता ते विचारा.