गिरणगावांचं इंग्रजी आणि गोडव्याची क्रमवारी

कॉल सेंटरच्या भरतीसाठी सोलापूरची मुलं पुण्याला जातात, तेव्हा एक संक्षेप त्यांच्या कानावर हमखास पडतो: एमटीआय, म्हणजे ‘मदर टंग इन्फ्लुएन्स’. इंग्रजी बोलताना मातृभाषेचा हेल किती उतरतो, याचं ते माप. व्याकरण नीट, उत्तरं नीट, तरी ‘एमटीआय जास्त आहे’ एवढ्यावर मुलाला परत पाठवलं जातं. सोलापुरात हा हेल एकच नाही. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ‘एग’चं ‘येग’ होतं, कन्नड घरांतही होतं. उर्दू बोलणाऱ्यांपैकी काहींच्या तोंडी ‘स्कूल’आधी ‘इ’ येते. मराठी माणूस ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ ही दोन्ही अक्षरं एकाच ‘व’वर भागवतो. हे सगळं दोष म्हणून मोजलं जातं आणि आयरिश माणसाचं इंग्रजी मात्र गोड वाटतं. ही क्रमवारी इंग्लंडात लागली.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या बड्या घरांतली मुलं निवासी शाळांमध्ये एकत्र वाढली आणि कुठल्याच एका परगण्याची नसलेली बोलण्याची एक ढब घट्ट झाली. अलेक्झांडर एलिस यांनी १८६९ मध्ये तिला ‘रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन’ म्हटलं. डॅनियल जोन्स यांनी १९१७ च्या आपल्या उच्चारकोशात तीच पायाला घेतली. १९२२ मध्ये बीबीसी सुरू झाली. निवेदकांनी शब्द कसे उच्चारावेत हे ठरवायला १९२६ मध्ये तिने समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष होते, आणि डब्लिनमध्ये जन्मलेले बर्नार्ड शॉ सदस्य. मूठभर लोकांची ही ढब रेडिओमुळे घराघरात गेली आणि तिलाच शुद्ध मानण्याची सवय देशाला लागली. ती सवय किती पक्की होती, ते १९४१ मध्ये दिसलं. युद्धाच्या बातम्या वाचायला यॉर्कशायरचे विल्फ्रेड पिकल्स आले, तेव्हा त्यांच्या हेलाविरुद्ध श्रोत्यांच्या तक्रारी गेल्या. बातमी तीच होती, फक्त वाचणारा उत्तरेकडचा होता.

यावर पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो मॉन्ट्रियलमध्ये. १९६० साली वॉलेस लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी एकाच माणसाकडून एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये बोलणं ध्वनिमुद्रित करून घेतलं. ऐकणाऱ्यांना वाटलं, ही दोन वेगळी माणसं. त्यांनी गुणही वेगवेगळे दिले. ही पद्धत हॉवर्ड जाइल्स यांनी ब्रिटनमधल्या उच्चारांना लावली. १९७० च्या त्यांच्या निष्कर्षांत रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन सर्वांत वर होतं आणि बर्मिंगहॅम तळाशी. पुढे बीबीसीच्या एका उपक्रमात ५,०१० लोकांनी ३४ उच्चारांना गुण दिले. निकोलस कूपलँड आणि हायवेल बिशप यांनी २००७ मध्ये त्याचं विश्लेषण छापलं. बर्मिंगहॅम पुन्हा शेवटी. आशियाई वळणाचं इंग्रजी, म्हणजे आपलंही, तळाच्याच गटात. स्कॉटिश आणि दक्षिण आयर्लंडच्या उच्चारांना मात्र भरभरून पसंती. आणि यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की या लोकांना एकही आवाज ऐकवलेला नव्हता. त्यांच्यासमोर फक्त नावं होती. ‘बर्मिंगहॅम’ हे नाव वाचूनच त्यांनी गुण कापले.

ही नावं सोलापूरकराने जरा थांबून वाचावीत. बर्मिंगहॅम धातूच्या कारखान्यांचं शहर. लिव्हरपूल गोदीचं. ग्लासगो जहाजबांधणीचं. अशा पाहण्यांत खाली जातात ती बहुतेक कामगारांची शहरं. खेड्यापाड्यातला हेल लोकांना निदान लोभस तरी वाटतो, कारखान्याच्या भोंग्यावर चालणाऱ्या गावाचा तेवढाही वाटत नाही. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली तेव्हापासून आपलं गावही गिरणीचं. इथल्या ‘काय बे’ला पुण्यात जे हसतात, ते हसणं याच जातीचं आहे.

मग हेलात अंगचा गोडवा काहीच नसतो का? हेही तपासलं गेलं. १९७४ मध्ये जाइल्स, पीटर ट्रडगिल आणि इतरांनी ग्रीकचा गंधही नसलेल्या ब्रिटिश श्रोत्यांना अथेन्सची आणि क्रीटची ग्रीक ऐकवली. ग्रीसमध्ये अथेन्सची बोली मानाची. या परक्या कानांना तिच्यात तसं काही जाणवलं नाही. न्यूयॉर्कचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. ‘फोर्थ फ्लोअर’मधला ‘र’ गाळणं इंग्लंडात प्रतिष्ठेचं. विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत नोकरांना चौथ्या मजल्याबद्दल विचारलं, तेव्हा सर्वांत उंची दुकानात ‘र’ अधिक ऐकू आला आणि सर्वांत स्वस्त दुकानात कमी. ध्वनी एकच, मान मात्र समुद्र ओलांडताच उलटा.

आपल्याकडचा पुरावा क्रिकेटचा आहे. नव्वदच्या दशकात जेफ्री बॉयकॉट यांचं समालोचन भारतभर आवडीने ऐकलं गेलं, त्यांच्या नकला झाल्या. ते यॉर्कशायरच्या खाणगावातले, वडील कोळसा खाणीत कामाला. जमैकाच्या मायकल होल्डिंग यांचा खर्जातला आवाजही असाच लाडका. कुणाचा हेल कोणत्या थरातला, हे आपल्याला शिकवलेलं नव्हतं, म्हणून आपण मोकळेपणाने ऐकू शकलो.

सोलापुरात इंग्रजी आलं ते फक्त लंडनहून नव्हे. अमेरिकन मराठी मिशनने इथे शाळा चालवल्या, म्हणजे काही घरांत ते अमेरिकी शिक्षकांच्या तोंडून पोचलं. वर्गात मात्र नमुना म्हणून ब्रिटिशच राहिला. हैदराबादला १९५८ मध्ये इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली. तिथले आर. के. बन्सल यांनी १९६९ मध्ये प्रश्नच बदलला. भारतीयांचं इंग्रजी गोड आहे का, हे न विचारता ते समोरच्याला कळतं का, हे त्यांनी तपासलं. अडचणींमध्ये शब्दावरचा आणि वाक्यातला आघात महत्त्वाचा निघाला. उदाहरणार्थ, ‘डेव्हलप’मध्ये जोर ‘व्हे’वर हवा, आपण तो ‘डे’वर देतो. हे कुठल्याही क्लासमध्ये थोड्या सरावात शिकवता येतं आणि त्यासाठी पूर्व भागातल्या मुलीला आपलं ‘येग’ लपवावं लागत नाही. माझ्या मते क्लासांनी फी घ्यावी ती या कामाची.

बाजाराने दुसरी वाट धरली आहे. कर्मचारी बोलत असतानाच त्याचा भारतीय हेल बदलून ग्राहकाच्या कानावर घालणारी संगणक प्रणाली आता काही कॉल सेंटर वापरतात. मुलगा सोलापुरी इंग्रजीतच बोलतो, पलीकडच्याला अमेरिकी ऐकू येतं, आणि यंत्र कोणता उच्चार काढून कोणता घालतं, ते त्याच जुन्या क्रमवारीप्रमाणे ठरतं.